हजाराची अट कुठे कुठे लिहिली आहे?

२२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील जीएसटी बदलला. त्यापूर्वी नगाची किंमत १००० रुपयांपर्यंत असल्यास ५ टक्के व त्यावर १२ टक्के कर होता. आता ही हद्द २५०० रुपये असून त्यावरील नगाला १८ टक्के पडतात. सरकारचे काम एका अधिसूचनेत झाले. दुकानातील बिलाच्या प्रोग्राममध्ये मात्र १००० चा आकडा कुठे कुठे बसला आहे, तो हुडकून काढावा लागतो.

असा प्रोग्राम म्हणजे शेकडो फाइलींचा गठ्ठा. संगणकवाले त्यास रिपॉझिटरी म्हणतात, आपण कोठार म्हणू. बहुतेक कोठारे हल्ली 'गिट' या पद्धतीने सांभाळली जातात. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ साली तयार केली. कोणती ओळ कोणी, केव्हा बदलली याची त्यात नोंद राहते, जणू रोजमेळच. दुरुस्तीचे काम पूर्वी माणूस करी, आता ते पुष्कळदा एआय एजंटकडे सोपवतात. एजंट नुसता उत्तर देत नाही. तो शोधतो, वाचतो, बदल करतो आणि पुन्हा तपासतो. नव्या गुमास्त्यासारखा समजा. हुशार खरा, पण दुकानात आजच आलेला.

सारे कोठार एका वेळी त्याच्या नजरेत मावत नाही, म्हणून त्याला शोध-साधन देतात. हे साधन काय करते व काय करत नाही, हे त्याला प्रथम कळते ते त्यासोबतच्या लेखी माहितीवरून. अँथ्रोपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एमसीपी' नावाची खुली पद्धत जाहीर केली. तीत प्रत्येक साधनाचे नाव, वर्णन आणि त्याला काय पुरवायचे, हे लिहून द्यावे लागते. एजंट ते वाचूनच ठरवतो. वर्णन अर्धवट असेल तर गुमास्ता चुकणार, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने.

शोधाचे मुख्य प्रकार दोन. पहिला अक्षराला अक्षर जुळवणारा. बेल लॅबच्या केन थॉम्पसन यांनी १९७० च्या दशकात लिहिलेले 'ग्रेप' या जातीचे. दुसरा अर्थावरून शोधणारा. जव्हारच्या बाजारात एक बाई लुगडे मागते, दुसरी पातळ, तिसरी साडी. अक्षरे जुळवणारा गुमास्ता 'साडी' म्हटल्यावर फक्त साडीची चिठ्ठी लावलेला माल आणील. अर्थ जाणणारा तिन्ही आणील, पण सोबत झंपराचे कापडही आणील, आणि सगळा माल आणला याची हमी देणार नाही. 'कराचा हिशेब कुठे होतो?' या प्रश्नाला दुसरा प्रकार बरा. १००० चा आकडा शोधायला पहिलाच हवा. केव्हा कोणता वापरावा, हे साधनाच्या माहितीत पहिल्याच ओळीत असले पाहिजे.

खरा घोटाळा पुढे आहे. समजा, साधन पहिल्या ५० जागा दाखवून थांबते आणि पुढे आणखी आहेत हे सांगत नाही. एजंट ५० जागा तपासून काम फत्ते झाल्याचे कळवतो. एकावन्नावी जागा परत आलेल्या मालाच्या चिठ्ठीची निघाली तर? नव्या दराने विकलेला १८०० रुपयांचा कुर्ता परत आला. विकताना कर ९० रुपये घेतला, परतीच्या चिठ्ठीवर जुन्या अटीने २१६ लागले. एका नगात १२६ रुपयांची तफावत. बरे, दिसेल तो प्रत्येक १००० पुसून टाकावा तर तेही चुकीचे, कारण २२ सप्टेंबरपूर्वी विकलेला माल परत आला तर चिठ्ठी जुन्याच दराने व्हायला हवी.

दुसरी गोष्ट वगळलेल्या फाइलींची. 'रिपग्रेप' हे २०१६ सालचे, अतिशय वेगवान आणि आज बरेच वापरले जाणारे साधन. ते लपवलेल्या फाइली आणि गिटला दुर्लक्ष करायला सांगितलेल्या फाइली आपण होऊन सोडून देते. यात गैर काही नाही, त्याने वेग वाढतो. पण एखाद्या दुकानापुरती दराची फाइल नेमकी अशाच जागी ठेवलेली असू शकते. तेव्हा 'सापडले नाही' याचा अर्थ 'नाही' असा नसून 'मी पाहिले तिथे नाही' इतकाच होतो. साधनाच्या माहितीत हे स्वच्छ शब्दांत यावे. शिवाय १,००० असा स्वल्पविराम असला, किंवा रक्कम पैशांत म्हणजे एक लाख अशी मांडलेली असली, तर नेमका १००० शोधून ती जागा हाती लागेलच असे नाही.

देण्याघेण्याच्या अटी लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. साधनाच्या अटींनाही तोच न्याय लावावा. मात्र पाल्हाळ नको. ही माहिती एजंटला कामाच्या वेळी वाचावी लागते आणि वाचलेल्या मजकुरावर पैसे मोजले जातात. एक नमुना-उदाहरण, मर्यादेची एक ओळ, वगळलेल्या जागांची एक ओळ, एवढ्याने पुष्कळ भागते. संगणक शिकलेली आपली मुले भिवंडी-मालेगावात बसून अशी साधने लिहू शकतात. कोड लिहिण्याची हौस सर्वांना असते, माहिती लिहिण्याचा कंटाळाही सर्वांनाच.

व्यापाऱ्याने काय करावे? प्रोग्राम दुरुस्त करणाऱ्याकडून किती जागा सापडल्या, किती बदलल्या व कोणत्या मुद्दाम ठेवल्या, याची यादी मागावी. मग चार नमुना-बिले काढावीत: १०००, १००१, २५०० आणि २५०१ रुपयांच्या नगाची. पहिल्या तिन्हींवर ५ टक्केच यायला हवेत. २५०० वर कर १२५ रुपये आणि २५०१ वर ४५० रुपये १८ पैसे. त्यानंतर याच चार नगांच्या परतीच्या चिठ्ठ्या काढून आकडे ताडून पाहावेत, आणि २२ सप्टेंबर २०२५ पूर्वीच्या एका बिलाचीही.