जुन्या चित्रपटांचा जीर्णोद्धार : गुणवत्तेच्या वादाचे स्वरूप

जुना चित्रपट दुरुस्त होऊन घरी पाहावयाच्या तबकडीवर आला म्हणजे त्याच्या गुणवत्तेविषयी दोन मते हटकून पडतात. ओरखडे गेले, चित्र स्थिर झाले, संवाद स्पष्ट ऐकू येऊ लागले, याचे एका पक्षाला समाधान वाटते. दुसऱ्या पक्षाला तीच स्वच्छता खटकते. चेहरे मेणाचे दिसतात, रात्रीचा प्रसंग सायंकाळचा वाटतो आणि गायकाचा आवाज ओळखीचा राहत नाही, अशी त्याची तक्रार असते. हा केवळ अभिरुचीचा प्रश्न होय असे म्हणून तो सोडून देण्याची प्रवृत्ती आढळते. परंतु वादाची थोडी फोड केली असता असे दिसून येते की, दोन्ही पक्ष पुष्कळदा एकाच वस्तूविषयी बोलत नसतात. गुणवत्तेविषयीचा म्हणून समजला जाणारा हा वाद बहुतांशी प्रतीविषयीचा, म्हणजे ग्रंथाभ्यासाच्या भाषेत पाठाविषयीचा, असतो.

मराठीच्या अभ्यासकाला असा वाद अपरिचित नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुढे वि. का. राजवाडे यांनी बीड येथे मिळालेली व त्यांच्या मते एकनाथपूर्व असलेली पोथी १९०९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्या प्राचीनत्वाविषयी मतभेद झाले. कोणता पाठ वाचावयास गोड, हा त्या वादाचा विषय नव्हता. कोणता पाठ ज्ञानेश्वरांच्या अधिक जवळचा आणि तो कशावरून ठरवावयाचा, हा होता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती ही या शिस्तीची मोठी खूण होय. तीत स्वीकारलेल्या पाठाखाली टाकून दिलेले पाठही छापलेले आहेत. संपादकाचा निर्णय ज्याला मान्य नसेल त्याला तो तपासता येतो. चित्रपटाच्या जीर्णोद्धारात हीच तळटीप बहुधा गैरहजर असते आणि वादाचे मूळ तेथे आहे.

हा प्रश्न कोल्हापूरला विशेष जवळचा आहे. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट येथेच निर्माण झाले. त्यांपैकी बहुतेक आज नष्ट झालेले आहेत. १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ गेला. पेंटरांनीच १९३६ मध्ये त्याचा बोलपट केला, परंतु ती वेगळी कृती होय. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी येथेच स्थापन झाली. ‘अयोध्येचा राजा’ हा तिचा पहिला बोलपट १९३२ मध्ये येथूनच मराठी व हिंदी अशा दोन रूपांत निघाला आणि १९३३ मध्ये कंपनी पुण्यास गेली. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये. तोपर्यंत मूकयुगातील अपरिमित सामग्री गेलेली होती. २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत संग्रहालयाच्या नायट्रेट फिती जळाल्या. अशा परिस्थितीत अभ्यासकाच्या हाती मूळ निगेटिव्ह क्वचितच येते. त्याच्या हाती येते ती प्रतीची प्रत. निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह, तीवरून दुसरे निगेटिव्ह आणि त्यावरून पुन्हा पॉझिटिव्ह, अशी ही परंपरा असते. प्रत्येक पिढीत बारकावे कमी होतात, काळ्या-पांढऱ्यातील विरोध वाढतो आणि पूर्वीच्या प्रतीचे ओरखडे नव्या प्रतीत छापले जातात. लेखकूंच्या हातून पोथीत चुका साचत जातात, त्यासारखाच हा प्रकार आहे.

वादाची स्थळे मुख्यतः पाच आहेत. पहिले स्थळ कणांचे. फितीवरील प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची बनलेली असते. त्यामुळे पडद्यावर दिसणारी बारीक हालचाल हा दोष नसून प्रतिमेचा पोतच होय. तबकडीवर मात्र हे कण महाग पडतात. व्हीसीडीवर चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर ७२० गुणिले ५७६ चे आणि ब्ल्यू-रेवर १९२० गुणिले १०८० चे असते. त्यातही सामग्री आवळून बसवावी लागते. सतत बदलणारे कण आवळण्यास कठीण असल्यामुळे ते यंत्राने पुसून टाकण्याचा मोह होतो. परंतु कण आणि कातडीवरील सुरकुती, वस्त्राची वीण किंवा पावसाची रेघ यांतील भेद यंत्राला नेहमीच कळत नाही. कणांबरोबर तेही जाते.

दुसरे स्थळ चौकटीचे. प्रभातच्या काळातील बोलपटांची चौकट सामान्यतः १.३७ ला १ या प्रमाणाची. आजच्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा १.७८ ला १ या प्रमाणाचा. पडदा भरून काढण्यासाठी वरखाली कापले तर चित्राचा जवळजवळ चतुर्थांश भाग जातो. फत्तेलाल यांच्यासारख्या चित्रकाराने रचलेल्या दृश्यात छताची कमान आणि जमिनीवरचे पाऊल ही दोन्ही रचनेची अंगे असतात. कापलेल्या प्रतीवरून त्या रचनेविषयी मत देणे म्हणजे ओळी गाळलेल्या पोथीवरून वृत्ताविषयी मत देण्यासारखे होय.

तिसरे स्थळ वेगाचे. मूकपटांच्या वेळी कॅमेरा हाताने फिरवीत. म्हणून त्यांचा वेग एकसारखा नसे आणि पुढील काळातील सेकंदाला २४ चौकटींपेक्षा तो बहुधा कमी असे. २४ च्या वेगाने दाखविल्यास त्यांतील माणसे धावल्यासारखी दिसतात. या धांदलीचे खापर नटांच्या माथी फोडण्याचे कारण नाही. बोलपटाच्या बाबतीत प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. भारतीय दूरचित्रवाणीने स्वीकारलेल्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असतात. २४ चौकटींचा बोलपट तसाच २५ ने चालविला तर १२० मिनिटांचा खेळ ११५ मिनिटे १२ सेकंदांत संपतो, आणि वेगळी दुरुस्ती केली नाही तर सर्व स्वर अर्धस्वराच्या सुमारे सात-दशांशाने चढतात. ‘अयोध्येचा राजा’मध्ये गोविंदराव टेंबे यांनी भूमिका केली आणि संगीतही दिले. अशा गायक-नटाची पट्टी चढलेल्या प्रतीवरून ठरविली तर संगीताच्या इतिहासात चुकीची नोंद होईल.

चौथे स्थळ ध्वनीचे. भाषेच्या अभ्यासकाला ते सर्वांत महत्त्वाचे. मराठीत ‘चार’ मधील तालव्य च आणि ‘चाक’ मधील दंततालव्य च यांचा भेद लिपीत दिसत नाही. तो कानालाच कळतो. हा भेद ज्या घर्षणध्वनीत असतो त्याचा बराचसा भाग उच्च कंपनसंख्येचा, सेकंदाला चार-पाच हजार आवर्तनांच्या आसपास व त्यापलीकडे पसरलेला असतो. जुन्या ध्वनिपट्टीची खरखरही त्याच प्रदेशात असते. खरखर काढण्याच्या हेतूने तो प्रदेश दाबला की च, स आणि श यांच्या सीमा पुसट होतात. १९३० नंतरच्या दशकातील मराठी बोलपट हे त्या पिढीच्या उच्चाराचे दुर्मीळ साधन आहे. अतिस्वच्छ प्रतीवरून कोणी त्या काळच्या नटांच्या उच्चाराविषयी सिद्धान्त काढला, तर तो नटांविषयीचा न राहता गाळणयंत्राविषयीचा ठरण्याचा संभव आहे. १९३७ च्या ‘कुंकू’त व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत टाळून नैसर्गिक ध्वनींवर भर दिला. तेथे शांततेलाही अर्थ आहे आणि खोलीतील मंद आवाजही त्या शांततेचा भाग आहे. तो पुसून टाकलेली शांतता ही वेगळीच शांतता होय.

पाचवे स्थळ कर्त्याच्या हेतूचे. प्रभातने १९३३ मध्ये ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा प्रयत्न केला. छपाई जर्मनीत झाली, पण रंग अपेक्षेप्रमाणे उतरले नाहीत. अशा कृतीचा जीर्णोद्धार करताना कर्त्याने इच्छिलेले रंग आणावेत की त्या वेळच्या प्रेक्षकांनी पाहिलेले? दोन्ही उत्तरांना आधार आहे. परंतु कोणते स्वीकारले ते सांगितले नाही तर प्रेक्षक इच्छेलाच इतिहास समजेल. ‘शोले’च्या बाबतीत हाच प्रश्न कथानकापर्यंत पोहोचला. १९७५ मध्ये सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदललेला शेवट सर्वांच्या परिचयाचा होता; २०२५ मध्ये बोलोन्या येथे दाखविलेल्या जीर्णोद्धारित प्रतीत मूळ शेवट परत आणण्यात आला. एक पाठ कर्त्याचा, दुसरा लोकपरंपरेचा. दोहोंपैकी एकालाही खोटा म्हणता येत नाही. १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’चे कृष्णधवल भाग रंगवून २००४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, हे काम मात्र जीर्णोद्धारात न मोडता रूपांतरात मोडते, आणि तसे म्हटले की निम्मा वाद मिटतो.

या विवेचनावरून असे दिसते की, तबकडीच्या गुणवत्तेला तीन निरनिराळी माणसे जबाबदार असतात : प्रत जपणारा, ती दुरुस्त करणारा आणि ती तबकडीवर उतरविणारा. उत्तम दुरुस्त झालेली कृती हलक्या तबकडीवर आवळली गेली तर दोष दुरुस्त करणाराकडे जातो. झिजलेल्या प्रतीवरून प्रामाणिकपणे केलेले काम तबकडीवर धूसर दिसले तर तबकडीला नावे ठेवली जातात. उलट, यंत्राने घासून चकचकीत केलेली तबकडी मूळ निगेटिव्हवरून घेतली असावी असा भ्रम होतो. म्हणून निव्वळ डोळ्यांचा कौल येथे पुरेसा नाही.

साधने उघड केली म्हणजे काय साधते याचे उदाहरण सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीत मिळते. तिची मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेच्या आगीत होरपळली. २०१५ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात ‘पथेर पांचाली’च्या मूळ निगेटिव्हचा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग उपयोगी पडला, उरलेला भाग इतर प्रतींवरून घेतला, हे जाहीर करण्यात आले. त्यामुळे एखाद्या दृश्यात पोत बदललेला दिसला तर त्याचे कारण शोधता येते. मतभेद संपत नाहीत. पण ते नेमके होतात.

मराठी बोलपटांच्या बाबतीत हीच अपेक्षा करणे अवास्तव नाही. कोणत्या प्रतीवरून काम केले, त्रुटित भाग कोठून भरले, चौकट व वेग कोणते ठेवले आणि ध्वनीवर कोणते संस्कार केले, एवढी चार वाक्ये तबकडीच्या वेष्टनावर सहज मावतात. अभ्यासकाचेही एक कर्तव्य आहे. प्रबंधात चित्रपटाचे नाव व वर्ष देऊन भागत नाही. पोथीचा क्रमांक देतात त्याप्रमाणे कोणती प्रत पाहिली, ती किती मिनिटांची होती आणि तिची चौकट कोणती होती, हे नमूद केले पाहिजे. कोल्हापुरात निर्माण झालेल्या चित्रसृष्टीचा फार थोडा अंश शिल्लक आहे. त्या अंशाची प्रत्येक नवी प्रत ही एक आवृत्ती आहे, आणि आवृत्ती म्हटली की तिला संपादक असतो. त्याने काय ठेवले व काय काढले हे विचारणे, हा तिच्या गुणवत्तेविषयीचा पहिला प्रश्न होय.