संदर्भांचे आकडे

वैद्यकीय शोधनिबंधात वाक्यांशेजारी बारीक १, २, ३ दिसतात. ही व्हँकुव्हर पद्धत. १९७८ साली कॅनडातल्या या शहरात काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक जमले आणि त्यांनी हस्तलिखितांसाठी एकसारखे नियम ठरवले. मजकुरात जो संदर्भ आधी येतो त्याला आधीचा आकडा. तोच पुन्हा आला तरी आकडा जुनाच राहतो. म्हणूनच मधे एक नवा संदर्भ घुसवला की पुढची सगळी माळ सरकते. हाताने करायचं हे काम नव्हे. झोटेरोसारखं मोफत सॉफ्टवेअर वापरावं. पण त्यावर डोळे झाकून विसंबू नये. निबंधाच्या शेवटी येणाऱ्या संदर्भयादीत लेखकाचं आडनाव आधी, मग आद्याक्षरं, तीही टिंबांशिवाय. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, त्यामुळे घोळ व्हायला वावच फार. निबंध पाठवण्याआधी प्रत्येक संदर्भाचा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, एकदा उघडून पाहाच.