अंगठ्याएवढी इमारत

“अहो, दिसणं-बिसणं ज्याच्या त्याच्या आवडीवर असतं. तुम्हाला टेकडी आवडते, मला टॉवर आवडतो. ते काय मोजणार?” हे मी सोसायटीच्या बैठकीत ऐकलंय, आर्किटेक्टच्या ऑफिसात ऐकलंय आणि एकदा लग्नाच्या पंगतीतही. तिथले गृहस्थ तर हातातली जिलबी माझ्याकडे रोखून बोलत होते. असं म्हटलं की नव्या प्रकल्पाने परिसराच्या दृश्यावर काय परिणाम होईल हा प्रश्नच मिटला, अशी सगळ्यांची समजूत असते.

इमारत आवडेल की नाही हे मोजता येत नाही, कबूल. पण ती कुठून दिसेल, केवढी दिसेल आणि काय झाकेल, ही भूमिती आहे. नववीतल्या पोराला येते. हात समोर ताठ धरा आणि अंगठा आडवा करा. त्याची जाडी डोळ्याला साधारण दोन अंशांची दिसते. ७० मीटरची, म्हणजे बावीस-तेवीस मजल्यांची इमारत दोन किलोमीटरवरून तेवढीच उंच दिसते. आठ किलोमीटरवरून अर्धा अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राएवढी. आणि चंद्र दिसत नाही असं कुणी म्हणत नाही.

आता टेकडीचं बघू. ती आसपासच्या जमिनीपासून १०० मीटर उंच आहे आणि इमारत तुमच्या आणि तिच्या बरोबर मधोमध आहे, असं धरा. बिल्डर सांगतो, “आमची इमारत टेकडीच्या निम्मीच आहे हो, जेमतेम ५० मीटर.” खरं बोलतो बिचारा. पण मधोमध उभी असलेली ५० मीटरची भिंत मागच्या १०० मीटरच्या टेकडीला, आपल्या रुंदीपुरती, माथ्यापर्यंत झाकते. यात आवडनिवड कुठे आली? हे समरूप त्रिकोण आहेत.

हेच काम व्यवस्थित करायचं तर जमिनीच्या चढउतारांची आकडेवारी घेऊन संगणकाकडून नकाशा काढतात: इमारत कुठून दिसू शकेल आणि कुठून नाही. अशी आकडेवारी इस्रोच्या कार्टोसॅट-१ उपग्रहावरून तयार झालेली आहे आणि ‘भुवन’ या संकेतस्थळावर मिळते. मग त्या नकाशातल्या मोक्याच्या जागी स्वतः जाऊन उभं राहायचं. ड्रोन सोडायचा नाही, माणसाचा डोळा जिथे असतो त्या दीड-पावणेदोन मीटरवरूनच बघायचं. मत येतं ते यानंतर, आणि तेही कारणासकट लिहावं लागतं. ब्रिटनमध्ये या कामाची जी मार्गदर्शिका वापरतात (तिसरी आवृत्ती, २०१३), ती दोन गोष्टी वेगळ्या तपासायला सांगते: बघणारा दृश्याबाबत किती संवेदनशील आहे आणि बदल केवढा आहे. रोज पहाटे पर्वतीच्या पायऱ्या चढणारी बाई आणि सिग्नलला खोळंबलेला रिक्षावाला एकाच टॉवरकडे बघतात, पण दोघांचं नुकसान सारखं नसतं.

“हे सगळं परदेशी फॅड,” असं वाटत असेल तर आपली २००६ची पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचना काढून वाचा. २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांसाठी तिच्यात फॉर्म १-अ आहे. त्याच्या सहाव्या भागात सरळ विचारलंय की या बांधकामाने एखादं दृश्य किंवा निसर्गरम्य परिसर अडणार आहे का. एका फॉर्मवर मी याचं उत्तर ‘लागू नाही’ असं वाचलंय. जागा टेकडीच्या पायथ्याला होती.

“पण ब्रोशरात टेकडी दिसतेय की!” दिसेलच. फोनने सिंहगडाचा फोटो काढून बघा. डोळ्यांपुढे उभा ठाकलेला गड फोटोत मुंगीएवढा होतो, कारण फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते. अशा फोटोत चिकटवलेली इमारतही गरीब आणि दूरची वाटते. ब्रिटनच्या लँडस्केप इन्स्टिट्यूटच्या २०१९च्या सूचनांनी अशा चित्रांसाठी फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स हे प्रमाण धरलंय. चित्र समोर आलं की लेन्स कोणती, उभे कुठे होतात आणि महिना कोणता, एवढं विचारा. श्रावणातल्या झाडीमागे बरंच काही लपतं, एप्रिलमध्ये नाही.

बाकीचे समज किरकोळ आहेत. “लांब आहे, दिसणार नाही”: दुसऱ्या बाजीरावाने १८१७ साली खडकीची लढाई पर्वतीवरून पाहिली होती. लंडनच्या रिचमंड पार्कातून सोळा किलोमीटरवरचं सेंट पॉल कॅथेड्रल दिसावं म्हणून ती दृष्टिरेषा नियमाने जपली आहे, तरी २०१६मध्ये घुमटामागे स्ट्रॅटफर्डचा टॉवर डोकावताना लोकांना दिसला. तो तर कॅथेड्रलच्याही पलीकडे कित्येक किलोमीटरवर होता. “झाडं लावू”: आपल्या अंगणातलं कुठलं झाड बावीस मजले वाढतं? “हिरवा रंग देऊ”: वरच्या मजल्यांमागे आकाश असतं, ते हिरवं नाही. “एफएसआय मंजूर आहे”: एफएसआय क्षेत्रफळ सांगतो, तेच क्षेत्रफळ बसकं रचता येतं किंवा उंच. “किल्ल्यापासून १०० मीटर सोडलेत”: संरक्षित वास्तूभोवती १०० मीटर मनाई आणि पुढे २०० मीटर नियंत्रण हे अंतराचे नियम आहेत, नजर ३०० मीटरवर थांबत नाही. “जनसुनावणीत बघून घेऊ”: त्याच २००६च्या अधिसूचनेने इमारत आणि टाउनशिप प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलंय. बोलायचं तर विकास आराखड्याच्या हरकती-सूचनांच्या वेळी बोला.

स्वित्झर्लंडमध्ये बांधकामाचा अर्ज केला की जागेवर इमारतीच्या उंचीचे खांब उभारावे लागतात, म्हणजे येणाराजाणारा बघून घेतो. आपल्याकडे अंगठा आहे. त्या जिलबीवाल्या गृहस्थांना मी नंतर गच्चीवर नेलं आणि हात ताठ धरायला लावला. त्यांनी आधी उजवा डोळा मिटला, मग डावा. अंगठा टेकडीवरून टुणकन बाजूला गेला.

“बघा, हलतंय,” ते म्हणाले. “म्हणूनच म्हणत होतो, मोजता येत नाही.”

“काका,” मी म्हटलं, “एकच डोळा मिटा.”