निखारा आणि बंद खोली

"धूर गेला, निखारा फुलला, आता शेगडी आत घ्या," हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याच्याविरुद्धच आज आम्हांला बोलायचे आहे.

धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून माणूस दार तरी उघडतो. फुललेल्या निखाऱ्याचे तसे नाही. कोळशाला प्राणवायू अपुरा पडला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. निखाऱ्यावर कधी कधी निळी ज्योत नाचते, ती हा वायू जळत असल्याची खूण. न जळलेला तो खोलीत साठतो. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यायचा, त्याला हा वायू प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो आणि माणूस आतून गुदमरत असतो.

ब्रिटनमधील शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९६ साली दाखवून दिले की, खाणींतील स्फोटांत दगावलेले बहुतेक कामगार ह्याच वायूने मेले होते. पुढे पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी खाणीत नेऊ लागले. ते आधी कोसळत. घरात असा पहारेकरी कोण ठेवतो?

आपल्याकडे सर्वांत जास्त भीती बाळंतिणीच्या खोलीची. वारा लागू नये म्हणून फटींत चिंध्या कोंबायच्या आणि बाजेखाली शेगडी ठेवायची! पांघरूण पेटण्याचे भय वेगळेच. शेक द्यायचाच तर दार-खिडकी उघडी ठेवून द्यावा, आणि झोपण्यापूर्वी शेगडी घराबाहेर न्यावी. न्हाणीघरातल्या गॅसच्या बंबालाही हाच नियम. तो बाहेरच्या भिंतीवर बसवावा. डोके ठणकले, मळमळले, पाय लटपटले, तर आधी मोकळ्या हवेत यावे. बेशुद्ध माणसाला कांदा हुंगवत बसू नये. उचलून बाहेर आणावे आणि थेट इस्पितळात न्यावे, तिथे प्राणवायू देतात.

आमच्या युनियनचा एक रखवालदार थंडीच्या रात्री पत्र्याच्या केबिनमध्ये घमेल्यात कोळसे पेटवून बसला. सकाळपाळीच्या लोकांनी दार ढकलले, तेव्हा तो कलंडलेला होता. नशिबाने वाचला. "डोकं दुखतंय ते कळत होतं, उठावंसंही वाटत होतं, पण पायच उचलेनात," असे त्याने आम्हांला सांगितले. व्यवस्थापनाचे म्हणणे, कोळसे पेटवायला त्याला कोणी सांगितले होते? आम्ही विचारले, थंडीत बसायला कोणी सांगितले होते? दोन महिने पत्रव्यवहार चालला. मग त्या केबिनला खिडकी पडली आणि विजेची शेगडी आली.