थंडीचा गुलाब आणि पावसाचा गुलाब

गुलाबाची निवड बहुधा चुकीच्या महिन्यांत होते. डिसेंबर-जानेवारींत रोपवाटिका बहरांत असतात. तेव्हां गृहस्थ मंडळींसह तेथें जातो आणि सर्वांत मोठें, सर्वांत भडक फूल पाहून रोप घरीं आणतो. पुढें श्रावणांत पानांवर काळे ठिपके दिसूं लागतात, आणि भाद्रपदाअखेर कुंडींत कांटेरी काड्या तेवढ्या उरतात. दोष हाताला दिला जातो. पण तो असतो निवडीचा.

नंदुरबार जिल्ह्यांतील अक्कलकुवा तालुक्याचें उदाहरण या बाबतींत बोधप्रद आहे. खुद्द अक्कलकुवा सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलें आहे, आणि उन्हाळ्यांत तेथें पारा चाळीस अंशांच्या वर जातो. त्याच तालुक्यांतील डाबच्या उंच भागांत मात्र हिंवाळ्यांतील कांहीं पहाटे गवतावरचें दंव गोठून पांढरें होतें. अशा ठिकाणीं थंडीला टिकणारा गुलाब हवा, असें सहजच मनांत येतें.

परंतु थंडी येथें गुलाबाची वैरीण नव्हे. दंव गोठलें म्हणजे हवाही शून्य अंशाखालीं गेली असें नाहीं. निरभ्र, निवांत रात्रीं पान आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकीत राहतें व भोंवतालच्या हवेपेक्षां अधिक थंड होतें. एवढ्या गारठ्यानें कोंवळे शेंडे काळवंडतात. जून लाकडाला इजा होत नाहीं. कडक थंडी सोसणाऱ्या जाती कॅनडासारख्या देशांत मुद्दाम तयार झाल्या. ओटावा येथील सरकारी शेतावर फेलिसिटास स्वेज्डा यांनीं १९६० च्या दशकापासून असे झुडुपी गुलाब निर्माण केले; त्यांपैकीं पुष्कळांत जपानच्या सागरतीरावरील रुगोसा गुलाबाचें रक्त आहे. पण उणे तीस अंश सोसण्याचें सामर्थ्य सातपुड्यांत विकत घेणें म्हणजे गांवच्या ओढ्यासाठीं जहाज बांधणें होय.

येथें गुलाबाची कसोटी लागते ती श्रावणांत. काळ्या ठिपक्यांचा रोग एका बुरशीपासून होतो. तिचे बीजाणू पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पानापानांवर उडतात, आणि पान सुमारें सात तास ओलें राहिलें कीं ते रुजून आंत शिरतात. झडीच्या दिवसांत तर पान वाळतच नाहीं. रोगट पान पिवळें पडून गळतें. झाड सांठविलेली शक्ति खर्चून नवी पालवी फोडतें, आणि तिचीही तीच गत होते. असें वारंवार झालें कीं फांद्या शेंड्यांकडून वाळत येतात, आणि मे महिन्यांत झाड कायमचें जातें. तें उन्हानें मेलें असें लोक म्हणतात. वस्तुतः पावसानें तें आधींच अर्धें मारलेलें असतें.

ही दुर्बलता आली कशी, त्याचा इतिहास मनोरंजक आहे. बागेंतील ‘हायब्रिड टी’ गुलाबांत पूर्वीं गडद पिवळा रंग नव्हता. ल्यों येथील जोसेफ पेर्ने-दुशे यांनीं पर्शियन यलो या गुलाबाशीं संकर करून १९०० सालीं ‘सोलेय दॉर’ ही जात प्रसिद्ध केली. तिच्यापासून पिवळ्या, नारिंगी व ज्वालारंगी गुलाबांचा मोठा वंश वाढला. परंतु पर्शियन यलो पडला कोरड्या हवेचा. ओल्या पानावरच्या बुरशीपुढें तो हतबल होता. रंगाबरोबर ती हतबलताही वारशानें आली. म्हणून पावसाळी प्रदेशांत पिवळा गुलाब घेतांना दोनदां विचार करावा.

उलट कांहीं जुने झुडुपी गुलाब चांगले काटक आहेत. ‘एडवर्ड’ हा बूर्बों कुळांतला. हें कुळ रियुनियन बेटावर, चिनी व दमास्क गुलाबांच्या आपोआप झालेल्या संकरांतून जन्मलें. भारतांत त्याचा उपयोग डोळा भरण्यासाठीं खुंट म्हणून होतो, यांतच त्याच्या काटकपणाची साक्ष आहे. चिनी ‘ओल्ड ब्लश’ जवळजवळ बारमास फुलतो. रुडोल्फ गेश्विंड यांचा १८९७ चा ‘ग्रुस आन टेप्लित्स’ गर्द लाल व सुगंधी आहे. १९३२ सालचा ‘द फेअरी’ बारीक गुलाबी घोसांनीं लवतो. आणि अमेरिकेंत विल्यम रॅडलर यांनीं काळ्या ठिपक्यांवर मात करण्यासाठींच घडविलेला ‘नॉक आउट’ २००० सालीं बाजारांत आला. यांचीं फुलें प्रदर्शनांत बक्षीस मिळविणार नाहींत. पण झाडावर पान राहील, आणि पान राहिलें तर फूल येणारच.

निवडीइतकीच जागाही महत्त्वाची. सकाळचें ऊन लागेल तेथें रोप लावावें, म्हणजे पानावरचें पाणी लवकर वाळतें. झाडांत वारा खेळेल एवढें अंतर असावें, पाणी बुडाशीं द्यावें, आणि गळलेलीं पानें वेंचून नष्ट करावींत. पायथ्याशीं पाऊस सरल्यावर ऑक्टोबरांत छाटणी करावी. डाबसारख्या उंचीवर ती लांबवूं नये; नव्या फुटीला दंवापूर्वीं जून होण्यास वेळ मिळाला पाहिजे. कलमी रोपाच्या डोळ्याखालून आलेले फुटवे वेळींच काढावे, नाहींतर कांहीं वर्षांनीं अंगणांत खुंटच फुलूं लागतो.

सारांश, रोपवाटिकेंत जावें तें भाद्रपदांत, आणि पाहावें तें पान. मोठ्या पावसानंतरही ज्याच्या अंगावर खालपासून वरपर्यंत हिरवीं पानें आहेत, तें झाड त्या वेळीं फुलावांचून असलें तरी घ्यावें. जें श्रावणांत टिकलें, तें पौषांत फुलल्याशिवाय राहत नाहीं.