भिंतीवरील नक्षीचा पत्रा : मांडणी आणि निगा

देवघराच्या दारावर मढवलेला पितळी पत्रा किंवा मंदिराच्या गाभाऱ्यातील चांदीचे उठावकाम महाराष्ट्राला अपरिचित नाही. आता साच्यात दाबून नक्षी उठवलेले तयार पत्रे घरातील भिंतींसाठीही वापरले जातात. ते दिसावयास मनोहर व वजनाला हलके असून अल्पावधीत खोलीचे रूप पालटतात. तथापि अशा पत्र्याचे आयुष्य त्याच्या दर्शनी बाजूवर नव्हे, तर त्यामागे दडणाऱ्या भिंतीवर अवलंबून असते. ओल, गंज आणि वीज यांचा विचार आधी केला नाही, तर शोभेची वस्तूच घरास उपद्रवकारक ठरते.

या पत्र्यांचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रामुख्याने अमेरिका व ऑस्ट्रेलिया या देशांत झाला. गिलाव्यातील नक्षीकामापेक्षा पत्रा स्वस्त पडे आणि तो तडकून खाली पडण्याचे भय नसे. सिडनी येथील टाउन हॉलचे मोठे सभागृह १८८९ साली पूर्ण झाले, तेव्हा त्याच्या छतासाठी नक्षीदार जस्ती पत्राच निवडण्यात आला. तेथील प्रचंड ऑर्गनच्या नादकंपनांनी गिलावा निखळेल, अशी शंका होती.

नक्षी केवळ शोभेसाठी नसते. पातळ सपाट पत्रा सहज वाकतो. परंतु त्यास उठाव दिला की तो ताठ होतो. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर भांड्यावर हातोडीने ‘मठार’ काम करतात, त्यामुळेही तांब्यास झळाळीबरोबर बळकटी येते.

धातूची निवड

पोलादी पत्रा घ्यावयाचा असल्यास जस्ताचा मुलामा दिलेला घ्यावा. कोकण किनाऱ्यावरील खारट हवेत साधे पोलाद लवकर गंजते. तेथे ॲल्युमिनियम अधिक सोयीचे. तांबे व पितळ टिकाऊ असले तरी ते लोखंडी खिळ्यांनी ठोकू नयेत. ओलाव्यात दोन भिन्न धातू एकत्र आले की त्यांपैकी एक झपाट्याने झिजतो. येथे बळी खिळ्याचा जातो. अशा पत्र्यांस पितळी स्क्रूच वापरावेत.

भिंतीची परीक्षा

हातभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही कडा चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस ठेवावा. कागदाच्या आतील बाजूस पाण्याचे थेंब जमल्यास भिंतीत ओल आहे, असे समजावे. ही परीक्षा पावसाळ्यात केलेली उत्तम. ओल पत्र्याने झाकली म्हणजे नाहीशी होत नाही. ती नजरेआड वाढते. गच्चीची गळती, फुटका नळ किंवा बाहेरील भेग यांची दुरुस्ती आधी करावी. नवा गिलावाही पूर्ण वाळू द्यावा. ओल्या सिमेंटमधील क्षार जस्त व ॲल्युमिनियम खातात.

मांडणी

भिंतीवर लाकडी पट्ट्यांचा सांगाडा ओळंबा व पाणसळ लावून बसवावा. लाकूड सुके व वाळवीप्रतिबंधक औषध दिलेले असावे. पत्र्यांच्या कडा पट्टीवरच येतील असे अंतर ठेवावे आणि वर-खाली हवा खेळण्यास फट सोडावी. मापे भिंतीच्या मध्यापासून घ्यावीत, म्हणजे दोन्ही टोकांस कापलेले तुकडे सारखे येतात. काम खालून वर न्यावे व वरच्या पत्र्याची कड खालच्यावर चढवावी. कापलेल्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. म्हणून जाड हातमोजे घालावेत, कडा कानशीने घासाव्यात आणि त्यांवर अस्तररंग द्यावा, कारण गंजाची सुरुवात तेथूनच होते.

स्वयंपाकघरात शेगडीमागे विशेष दक्षता हवी. पत्रा जळत नाही, परंतु उष्णता मागील लाकडापर्यंत पोहोचवतो. तेथे लाकडी सांगाड्याऐवजी धातूचा सांगाडा वापरावा.

विजेची दक्षता

पत्रा विजेचा सुवाहक आहे. त्याची धार तारेच्या वेष्टनात रुतली, तर संपूर्ण भिंतीत प्रवाह उतरू शकतो. काम सुरू करण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे आणि भिंतीतील तारांचा मार्ग जाणून घेतल्याविना छिद्र पाडू नये. बटणांच्या पेट्यांभोवतीचे काम व पत्र्याचे आर्थिंग परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घ्यावे. वीजगळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलीॲम्पियरचे उपकरण घरात असणे हिताचे आहे.

रंग आणि निगा

जस्ती पत्र्यावर तैलरंग थेट दिल्यास तो काही काळाने पापुद्रे होऊन सुटतो. म्हणून जस्तासाठी असलेला अस्तररंग प्रथम द्यावा. शिशाचे रंग कटाक्षाने टाळावेत. रेड ऑक्साइड हा लोहाचा, तर रेड लेड हा शिशाचा रंग. नामसादृश्याने फसू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. मात्र जुन्या इमारतींतून काढलेल्या पत्र्यांवर शिशाचा रंग असू शकतो. तो कोरडा खरवडू नये. त्याची धूळ बालकांच्या मेंदूस अपाय करते.

रोजच्या स्वच्छतेस मऊ फडके किंवा ब्रश पुरेसा आहे. पाणी ओतून पत्रा धुऊ नये. ते सांध्यांतून मागे झिरपते. लाखेचे किंवा पारदर्शक रोगणाचे आवरण असलेल्या पितळेस चिंच वा लिंबू लावू नये. आवरण नसल्यास लावावयास हरकत नाही. मात्र नक्षीच्या खाचांतील आंबट अंश ओल्या फडक्याने पुसून पत्रा लगेच कोरडा करावा, अन्यथा हिरवट कळंक चढतो.

वर्षातून एकदा, पावसाळा संपताच, सांधे व स्क्रू तपासावेत. गंजाचा लहान ठिपका घासून रंगवणे हे काही मिनिटांचे काम आहे. परंतु तोच ठिपका पुसल्यावर पुन्हा पुन्हा उमटू लागल्यास रंगाचा डबा बाजूस ठेवून पत्रा उतरवावा आणि भिंत पाहावी. दोष बहुधा तेथेच सापडतो.