मधला शनिवार

फर्स्ट इयरला असताना मी रूममेटला 'हॅपी गुड फ्रायडे' असा मेसेज टाकला होता, सोबत फुलांचा इमोजी. तिचा रिप्लाय आला, 'अगं, आज आमच्या घरी सुतकात असल्यासारखं असतं.' त्यानंतर दोन वर्षं मी त्या दिवशी तिला काहीच पाठवलं नाही. यंदा तिनेच बोलावलं. म्हणाली, "नुसती रविवारी केक खायला येऊ नकोस. गुरुवारी ये आणि चारही दिवस राहा."

मी माकणीची. धाराशिव जिल्हा, लोहारा तालुका, तेरणेवरचं धरण आहे ते गाव. ख्रिस्ती माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो जानेवारी २०२० मध्ये, धाराशिवच्या ९३व्या साहित्य संमेलनात. दहावीत होते, शाळेने नेलं होतं. संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एक धर्मगुरू अध्यक्ष कसा, यावरून आधी बराच वाद झाला होता. मला मात्र आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं : हा माणूस आपल्यापेक्षा चांगलं मराठी बोलतो! ते वसईचे, अख्खं बायबल त्यांनी 'सुबोध बायबल' म्हणून मराठीत आणलं. २०२४च्या जुलैमध्ये ते गेले. माझी मैत्रीणही वसईचीच.

यंदा २ एप्रिलला गुरुवारी हनुमान जयंती होती आणि ख्रिस्ती लोकांचा पवित्र गुरुवारही. हा नुसता योगायोग नाही. २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा धरायची, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, असं साधारण गणित आहे. म्हणून तारीख दरवर्षी हलते. आपल्याला तिथी कळते, तर हे कळायला काहीच हरकत नाही.

मैत्रिणीच्या घरी तिची आई, म्हणजे माझ्यासाठी काकू, दादा-वहिनी आणि त्यांचा सहा वर्षांचा मुलगा. मैत्रिणीचे बाबा गेल्या दिवाळीत गेले. ते गेल्यानंतरचा हा पहिला ईस्टर.

मला वाटलं होतं, धर्म शिकवायचा म्हणजे पोराला समोर बसवून गोष्ट सांगत असतील. तसं कोणी बसवलं नाही. गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सात चर्चमधली घंटा वाजली आणि मग बंद झाली. त्यानंतर घंटेऐवजी लाकडी खटखट. शेवटी वेदीवरची वस्त्रं, मेणबत्त्या सगळं उचलून नेलं. पोराने विचारलं, "घंटा बिघडली?" काकू म्हणाल्या, "नाही, गप्प बसलीय. रविवारपर्यंत लक्ष ठेव." झालं. पुढचे दोन दिवस तो पोरगा घंटेच्या मागावर. शुक्रवारी दुपारी पेज आणि लोणचं, टीव्ही बंद, क्रुसाची वाट चालायला सगळे गेले. घरात येशूच्या तसबिरीमागे आधीच्या रविवारच्या झावळीचा छोटा क्रूस खोचला होता, पोराने आत्यासोबत विणलेला, जरा वाकडाच. पुढच्या वर्षी अशाच वाळलेल्या झावळ्या जाळून राखेच्या बुधवारची राख करतात, म्हणे.

आणि मग शनिवार.

शनिवारी काहीच नसतं. म्हणजे खरंच काही नाही. येशू कबरेत आहे, चर्चमध्ये दिवसा मिस्सा नाही, घरात सगळे उगाच हळू बोलतात. मी तर कंटाळून मोबाईल काढला होता. दुपारी मागच्या पडवीत काकू नारळ खवत होत्या आणि पोराने बोटं मोजत विचारलं, "आजी, येशू उद्या उठणार. मग आजोबा पण उद्या येणार ना?"

दादा पटकन म्हणाला, "आजोबा स्टार झालेत, बेटा. वरून बघतात."

"खोटं नको सांगूस त्याला," काकू म्हणाल्या. खवणीवरचा हात थांबला होता. मग त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "नाही रे बाळा. आजोबा उद्या नाही येणार. मलाही वाटतं यावेत."

"मग येशूच का?"

इथे मी मोबाईल खाली ठेवला. माझ्याकडे या प्रश्नाला उत्तर नव्हतं आणि काकूंकडे तरी असेल का, अशी शंका होती. त्या म्हणाल्या, "येशू पहिला. त्याच्यामागून देव सगळ्यांना उठवणार, आजोबांनाही, असं आपण मानतो. कधी, ते मला माहीत नाही. तोवर थांबायचं."

"हे काय बरोबर नाही," पोरगा म्हणाला.

"थोमालाही पटलं नव्हतं," काकू म्हणाल्या. थोमा म्हणजे येशूचा शिष्य. बाकीचे सांगत होते की तो उठलाय, हा म्हणे, जखमेत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. येशूने त्याला हाकललं नाही, जखमा दाखवल्या. उठल्यावरही जखमा तशाच होत्या, हे मला नवीन होतं. पोरालाही असावं. तो म्हणाला, "दुखत होत्या का?" काकू म्हणाल्या, "ते लिहिलेलं नाही." आणि परत खवायला लागल्या. पोरगा रुसून झोपाळ्यावर गेला.

दादा नंतर मला म्हणाला, "लहान आहे गं तो, एवढं कशाला?" त्याचंही चूक नाही. मॉलमध्ये ईस्टर म्हणजे ससा आणि चॉकलेटचं अंडं. अंड्यालाही अर्थ आहे : बंद कवच म्हणजे बंद कबर. शिवाय जुन्या काळी चाळीस दिवसांच्या उपवासात अंडी वर्ज्य असायची, ती साठून राहायची. पण थेट अंड्यावर उडी मारली तर आनंद कशाचा, हेच पोराला कळत नाही. मार्कच्या शुभवर्तमानात तर पहाटे कबरेवर गेलेल्या बायका उघडी कबर बघून घाबरून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. सगळ्यात जुनं समजलं जाणारं शुभवर्तमान हे! पहिल्या ईस्टरला भीतीच जास्त होती.

परत आल्यावर मी वाचत बसले, तेव्हा अजून एक गोष्ट सापडली. येशूचं शेवटचं भोजन झालं ते ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत. त्या सणाच्या जेवणाची सुरुवातच घरातल्या सगळ्यात धाकट्याच्या प्रश्नांनी होते : आजची रात्र वेगळी का? पोराने विचारायचं, मग मोठ्यांनी सांगायचं. त्या रात्री वाचायच्या पुस्तकाला हगादा म्हणतात. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींसाठी मराठी भाषांतरासह ती १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. पुण्याच्या प्रतीत सणाची भाकर करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. पडवीतला तो प्रश्न एवढा जुना आहे तर.

शनिवारी रात्री चर्चबाहेर अंधारात शेकोटी पेटवली, तिच्यावरून मोठी मेणबत्ती आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली. आत गेल्यावर एकदम सगळ्या घंटा वाजल्या. पोरगा झोपेतून उठून ओरडला, "वाजली!" रविवारी काकू त्याला घेऊन कबरेवर गेल्या. रीत अशी काही नाही, त्यांनीच ठरवलं. मार्झिपानचं अंडं त्याने तिथेच बसून एकट्याने संपवलं.

आता माझ्या घरचं. आमच्या भिंतीवर एका पाच वर्षांच्या मुलीचा फोटो आहे. माझी आत्या. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, भूकंपात गेली. आम्हा भावंडांना एवढंच सांगितलेलं, 'ती देवाघरी गेली.' मी चार-पाच वर्षांची असताना देवघरात, टाकांच्या मागे, समईच्या खाली तिला शोधायचे. सापडली नाही म्हणून मग देवघराचीच भीती बसली. कितीतरी दिवस संध्याकाळी दिवा लावायला मी जात नव्हते, का ते कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

वसईहून थेट गावी गेले. आज्जी अंगणात वाळवण राखत बसली होती. तिला सगळं सांगितलं, पोराचं, काकूंचं, थोमाचं. मग पहिल्यांदा विचारलं, आत्याचं नक्की काय झालं होतं. आज्जी बराच वेळ बोलत होती. माळवद कसं खाली आलं, कोणी दगड उपसले, तिच्या अंगात कोणता फ्रॉक होता, सगळं.

मग म्हणाली, "त्या लेकराला पटलं का गं मग?"

"नाही."

"मलाबी नाय पटलं आजून," आज्जी म्हणाली आणि पापडावर बसलेल्या चिमण्या हाकलायला उठली.